चिठ्ठीवर ‘रेस्टलेस’ लिहिले आहे, म्हणजे काय?

“डॉक्टरसाहेब, चिठ्ठीवर ‘पेशंट रेस्टलेस’ लिहिलं आहे. आजीच्या डोक्यावर परिणाम झाला का?” रिसोडकडून आलेल्या एका नातवाने मला विचारले.

‘रेस्ट’ म्हणजे विश्रांती. ‘रेस्टलेस’ म्हणजे जिवाला चैन नसलेला, बेचैन. हे आजाराचे नाव नाही, लक्षण आहे. आपल्याकडे रुग्ण “जीव घाबरते” म्हणतात, तेव्हा त्यात भीती, धडधड, मळमळ असे काहीही असू शकते. डॉक्टर ‘रेस्टलेस’ लिहितात, तेव्हा त्यांना रुग्ण सारखा कूस बदलताना, उठबस करताना किंवा सलाईनची नळी ओढताना दिसलेला असतो.

ही आजी मधुमेहाची. एकादशीचा उपवास धरला, पण साखरेची गोळी घेतली. तपासले तर रक्तातली साखर ५२. म्हणजे त्रास डोक्याचा नव्हता, साखर उतरल्याचा होता.

अचानक आलेली बेचैनी कशामुळे?

- साखर ७० च्या खाली जाणे: सोबत घाम, थरथर.
- ऑक्सिजन कमी पडणे: दमा, न्यूमोनिया, हृदयविकार.
- डेंग्यू: ताप उतरताना बेचैनी किंवा सुस्ती आली, तर तो धोक्याचा इशारा.
- जुलाब झालेले मूल: चिडचिड, खोल गेलेले डोळे, अधाशीपणे पाणी पिणे, म्हणजे शरीरातले पाणी कमी झाले आहे.
- लघवी तुंबणे: म्हाताऱ्या माणसांत हे सहज लक्षात येत नाही.
- रोजची दारू एकदम बंद होणे: त्रास काही तासांतच सुरू होऊ शकतो.
- औषधे: उलटीच्या किंवा मानसिक आजाराच्या काही औषधांनी पाय एका जागी ठरत नाहीत.

घरच्यांनी काय करावे?

“टेन्शन आहे, झोपला की बरं वाटेल” म्हणून घरात पडलेली झोपेची गोळी देऊ नका. त्याने मूळ आजार झाकला जातो आणि श्वास मंदावू शकतो. मधुमेही रुग्ण शुद्धीत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नका. धाप, छातीत दुखणे, असंबद्ध बोलणे, थंड हातपाय यांपैकी काहीही दिसले, तर लगेच १०८ ला फोन करा.

दवाखान्यात चार गोष्टी सांगा: बेचैनी कधी सुरू झाली, शेवटचे जेवण कधी झाले, लघवी कधी झाली आणि कोणती औषधे किंवा दारू घेतली. दारूची गोष्ट लाजून लपवू नका. निम्मे निदान तुमच्या सांगण्यातूनच होते.