म्हातारीच्या केसांची जप्ती

फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर विकले जाणारे गुलाबी ‘म्हातारीचे केस’ अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतले, शासकीय प्रयोगशाळेला त्यांत ऱ्होडामाईन-बी हा कापड व कागद रंगविण्याचा रंग आढळला, आणि प्रथम पुदुच्चेरीने व मागोमाग तामिळनाडूने विक्रीस मनाई केली. त्या सुमारास अशा जप्तीविषयी जे समज लोकांत दृढ झाले, त्यांपैकी कित्येकांना ना कायद्याचा आधार आहे, ना शास्त्राचा.

रंगीत मिठाई तेवढी विषारी, हा त्यांपैकी एक. वस्तुतः आपल्या नियमांनी आठ कृत्रिम रंगांना मुभा दिली असून, त्यांतील कार्मोयसीन आणि एरिथ्रोसीन लाल-गुलाबी छटाच देतात. मिठाईत त्यांची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम आहे. ऱ्होडामाईन-बी त्या यादीतच नसल्यामुळे त्याचा अंशही क्षम्य नाही. परंतु गुलाबी रंग मुभा असलेला की निषिद्ध, हे नुसत्या नजरेने ठरविणे कोणालाही शक्य नाही.

एका घासाने कर्करोग होतो, ही भीतीही अवास्तव होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हा रंग तिसऱ्या गटात, म्हणजे मानवी कर्करोगाविषयी निर्णय देण्यास पुरावा अपुरा असलेल्या द्रव्यांत, ठेवला आहे. मात्र पुरावा अपुरा म्हणून पदार्थ निर्धोक, असा अर्थ काढणे घातक आहे. लेकरांच्या पोटात कापडाचा रंग जाऊ नये, यासाठी कोणी आजारी पडण्याची वाट कायदा पाहत नाही, आणि ते सर्वथा योग्य आहे.

जप्ती म्हणजेच शिक्षा, हा समज तर सर्वांत खोल रुजलेला आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ याच्या कलम ३८ अन्वये, नियमभंग झाल्याचे दिसताच माल जप्त करण्याचा किंवा नमुना घेऊन तो विक्रेत्याच्याच हवाली ठेवण्याचा अखत्यार अधिकाऱ्यास आहे. परंतु नमुन्याचे चार भाग होतात, अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो, त्याविरुद्ध ३० दिवसांच्या मुदतीत अपील करता येते, आणि वाजवी कारणावाचून, केवळ छळापोटी जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्यास कलम ३९ अन्वये एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गोरगरीब फेरीवाल्याचा मुद्देमाल उचलून प्रकरण मिटले असे मानणे मला अन्यायाचे वाटते; त्याला ती रंगाची पुडी विकणाऱ्यापर्यंत तपास पोहोचलाच पाहिजे.

अशी बंदी कायमची असते, हेही खरे नव्हे: कलम ३० अन्वये अन्नसुरक्षा आयुक्तांच्या मनाई हुकुमाची कमाल मुदत एक वर्ष आहे.

राहिला प्रश्न ग्राहकाचा. तपासणी करविणे हे केवळ सरकारचे काम, असे आपण मानतो. परंतु खरेदीच्याच वेळी विक्रेत्यास तसे सांगून आणि शुल्क भरून कोणाही ग्राहकाला कलम ४० अन्वये अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेता येतो, आणि पदार्थ नियमबाह्य ठरल्यास ते शुल्क त्याला परत मिळते.