नेम चुकतो तेव्हा

शोकात्मिकेचा नायक का कोसळतो, या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उत्तर ॲरिस्टॉटलने इ.स.पू. चौथ्या शतकात ‘पोएटिक्स’च्या तेराव्या प्रकरणात दिले. नायक म्हणून कोण चालणार नाही, हे तो आधी सांगतो. निष्कलंक सज्जनावर संकट कोसळले तर प्रेक्षकाला नुसता संताप येतो. पक्का दुर्जन बुडाला तर ‘बरे झाले’ वाटते, पण डोळे ओलावत नाहीत. उरतो तो मधला माणूस : नामांकित, पण आपल्यासारखाच चुकणारा. त्याला मिळणारी शिक्षा चुकीच्या मानाने फार मोठी असते, म्हणून करुणा वाटते. आणि तो आपल्यातला वाटतो, म्हणून भय.

या चुकीला ॲरिस्टॉटलचा शब्द आहे ‘हॅमार्शिया’. तो ज्या क्रियापदावरून आला, त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे. होमरच्या काव्यात भाला लक्ष्याला लागला नाही की हेच क्रियापद येते. नेम धरणाऱ्याच्या मनात पाप असतेच असे नाही. पुढे मात्र पाठ्यपुस्तकांनी या शब्दाचे भाषांतर ‘स्वभावदोष’ असे करून टाकले आणि विद्यार्थी प्रत्येक नायकाच्या अंगी एकेक दुर्गुण शोधू लागले. ॲरिस्टॉटलवर हा अन्यायच झाला.

त्याचे आवडते उदाहरण सोफोक्लीझच्या ‘ईडिपस राजा’चे. आपल्या हातून बाप मारला जाईल आणि आईशी लग्न होईल, हे भाकीत ऐकून ईडिपस कॉरिंथ सोडतो. कारण तेथील राजाराणीलाच तो आईबाप समजतो. तीन रस्ते मिळतात त्या जागी वाटेवरून तंटा होतो आणि तो एका वृद्धाला मारतो. पुढे थीब्जला पोचतो, स्फिंक्सचे कोडे सोडवतो, गादी आणि विधवा राणी दोन्ही मिळवतो. तो वृद्ध त्याचा जन्मदाता होता आणि राणी त्याची आई. नाटक सुरू होते तेव्हा हे सारे घडून गेलेले असते. रंगमंचावर चालतो तो केवळ तपास. शहरात साथ पसरली आहे आणि जुन्या राजाचा खुनी सापडल्याशिवाय ती हटणार नाही. टायरेसियस हा आंधळा द्रष्टा बोलायला तयार नसतो, राणी जोकास्टा शोध थांबवण्याची विनवणी करते, म्हातारा धनगर गयावया करतो. ईडिपस कोणाचे ऐकत नाही. ज्या चौकस बुद्धीने त्याने शहर वाचवले होते, तीच त्याला स्वतःपर्यंत आणून सोडते. कॉरिंथचा दूत त्याची भीती घालवायला म्हणून ‘तू कॉरिंथच्या राजाराणीचा मुलगा नाहीस’ असे सांगतो आणि तेथेच सगळे उलटते. हा रागीट राजा उर्मट आहे म्हणून बुडाला, असे म्हणणे फार स्वस्त. तो कमी प्रामाणिक असता तर वाचला असता.

शेक्सपिअरकडे आल्यावर भार परिस्थितीवरून स्वभावाकडे सरकतो. समीक्षक ए. सी. ब्रॅडली यांनी 1904 मध्ये हीच बाजू ठामपणे मांडली. रणांगणावर झटपट निर्णय घेण्याची सवय लागलेला ऑथेल्लो घरातही तसाच निर्णय घेतो. मॅकबेथ मात्र ॲरिस्टॉटलच्या चौकटीत नीट बसत नाही. तो जाणूनबुजून खून करतो. तरी त्याची कीव येते, कारण आपण काय गमावतो आहोत हे त्याला प्रत्येक पावलावर दिसत असते.

मराठी रंगभूमीवर या दृष्टीने पाहण्यासारखे नाटक म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचे, 1919 मध्ये रंगभूमीवर आलेले ‘एकच प्याला’. दारूच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणून ते ओळखले जाते, पण नायक सुधाकराची घसरण दारूपासून सुरू होत नाही. हा हुशार वकील मानी आहे आणि कोर्टात झालेला अपमान तो गिळू शकत नाही. दारुडा तळीराम पुढे करतो तो पेला त्या जखमेवरचे औषध असतो. व्यसनाने एकदा पकड घेतली की मानीपणाही उरत नाही, घरही नाही. आपण काय केले, हे त्याला लख्ख दिसते तेव्हा मूल गेलेले असते आणि पत्नी सिंधू मरणाच्या दारात असते.