सहा, आठ, दहा

नगर-पुणे रस्त्यावरून केडगावात आत वळलं, की शेतांचे प्लॉट झालेले दिसतात. त्यातल्याच एका गुंठ्यावर, म्हणजे ३३ बाय ३३ फुटांवर, सकाळी आखणी बघायला गेलो. घर २१ बाय २८ फुटांचं. नारळ फुटला होता, आखणीच्या फक्कीचं पोतं अजून बांधलेलंच होतं.

मिस्तरींनी रस्त्याच्या बाजूची दोरी ताणली. कोपऱ्यातल्या खुंटीच्या डोक्यावर खिळा. खिळ्यापासून या दोरीवर आठ फुटांवर खूण केली, आडव्या दोरीवर सहा फुटांवर. एका खुणेवर बिगाऱ्यानं टेपचं टोक दाबून धरलं, दुसऱ्या खुणेवर स्वतः मिस्तरी वाकले. "दहा आलं पाहिजे. जरा आत घे. अजून सूतभर. बास!" आडव्या दोरीच्या टोकाची खुंटी तिथंच ठोकली.

"काटकोनाचा गुण्या आहे की तुमच्याकडं," मी म्हटलं.

"गुण्या दोन फुटांचा, भिंत अठ्ठावीस फुटांची. त्याच्यावर कसं भागंल, सर?"

घरी येऊन हिशेब मांडला. तीन-चार-पाच फुटांवर काटकोन धरला आणि पाचाच्या मापात एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, चुकलं, तर २८ फुटांवर भिंत जवळजवळ दीड इंच सरकते. सहा-आठ-दहा धरलं तर पाऊण इंच. खूण जितकी लांब, तितकी चूक कमी. हा दीड इंच मला ठाऊक आहे. आमच्या जुन्या घरात दाराशी अख्खी फरशी होती, समोरच्या भिंतीशी तिचीच निमुळती पाचर. रोज जेवताना ती समोर यायची. पाया खणतानाच चुकलेलं गिलाव्यानं झाकलं जात नाही.

मिस्तरींचं हे दोरीचं माप जुनं आहे. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदी आखण्यासाठी रचलेल्या बौधायन शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाचा नियम आहे आणि त्यासोबत ३-४, ५-१२, ८-१५, ७-२४ अशा बाजूंच्या जोड्याही आहेत. शाळेत हेच आपण पायथागोरसच्या नावानं शिकतो. मिस्तरींकडं ते वडिलांच्या हाताखाली काम करताना आलं. दोरीचं गणित दोरीवरूनच त्यांच्यापर्यंत पोचलं, याचा मला फार आनंद वाटतो.

त्या सकाळी चारही खुंट्या बसल्यावर खरी परीक्षा: दोन्ही कर्ण. एक भरला ३५ फूट दोन सूत, दुसरा ३५ला दोन सूत कमी. सहा-आठ-दहाच्या मापात अर्धं सूत कुठंतरी निसटलं होतं. मी म्हणालो असतो, अर्ध्या इंचानं काय होतंय. मिस्तरी बोलले नाहीत. मागच्या दोन्ही खुंट्या त्यांनी अडीच-अडीच सूत सरकवल्या, दोरी पुन्हा ताणली.

"इकडं पस्तीस."

"इकडं बी पस्तीस, मिस्तरी."

मग त्यांनी फक्कीचं पोतं सोडायला सांगितलं.