कोरियन भाषेतील ‘बुल्’ : अर्थ व उच्चार

कोरियन विहारांतून ‘नामू आमिताबुल्’ हे वचन ऐकू येते. ‘नामू’ म्हणजे आपले ‘नमो’, हे सहज उमगते. पण ‘बुल्’ हा ‘अमिताभ’मधील ‘भ’चा अपभ्रंश असावा, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः नाव ‘आमिता’पाशीच संपते. ‘बुल्’ म्हणजे साक्षात ‘बुद्ध’.

‘बुद्ध’ हा शब्द चिनी भाषांतरकारांनी दोन लिपिचिन्हांत लिहिला. पहिल्याचा प्राचीन उच्चार ‘बुत्’च्या जवळचा होता, पुढे ते एकच चिन्ह तथागतांसाठी रूढ झाले. चिनी शब्द स्वीकारताना कोरियन भाषेने अंत्य ‘त्’चा नियमाने ‘ल्’ केला. सात व आठ या अर्थांचे ‘छिल्’ व ‘फाल्’ हे शब्दही असेच घडले. जपानी ‘बुत्सु’त तो ‘त्’ टिकला, प्रमाण चिनी ‘फो’मध्ये लोपला. ‘सम्यक्’चे ‘सम्मा’ होताना पाहिलेल्या पालीच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये.

पंधराव्या शतकात राजा सेजोंग यांच्या पंडितांना मात्र हा ‘ल्’ अशुद्ध वाटला. हांगुल लिपी १४४६ साली जाहीर झाली; त्याच सुमारास रचलेल्या उच्चारकोशात त्यांनी ‘ल्’ला कंठात श्वास अडविणारे चिन्ह जोडून जुन्या ‘त्’चा भास साधू पाहिला. लोकांनी तो मानला नाही. गंमत अशी की, लोकभाषेतील ‘बुछॉ’ (बुद्ध) या शब्दाचे तत्कालीन रूप ‘बुत्यॉ’ होते. पंडितांना हवा असलेला ‘त’ तेथे आयताच होता!

खरी अडचण समानोच्चारी शब्दांची आहे. देशी ‘बुल्’ म्हणजे अग्नी, आणि चिनी मूळ असलेला दुसरा ‘बुल्’ हा नकारार्थी उपसर्ग. ‘बॉप्’ या एकाच शब्दाने धम्म आणि कायदा, दोन्ही सांगितले जातात. परिणामी हांगुल लिपीत ‘बुद्धधम्म’ आणि ‘बेकायदा’ हे दोन्ही शब्द ‘बुल्बॉप्’ असेच लिहिले जातात. सोलच्या रस्त्यावर ‘बुल्बॉप् जूछा’ असा फलक दिसल्यास ते धम्मवचन समजू नये. ती बेकायदा वाहने उभी करण्याविरुद्धची सूचना असते. चिनी चिन्हांत हा घोटाळा होत नाही, परंतु आज कोरियन मजकूर बहुधा हांगुलातच छापतात. बोलताना ‘बेकायदा’ या अर्थी दुसरा ‘ब’ ताठर, जवळजवळ ‘प्प’सारखा करण्याची प्रवृत्ती आहे, प्रमाण कोशाला तेथे दोन्ही उच्चार मान्य आहेत. धम्माच्या अर्थी मात्र तो मृदूच ठेवावा.

शब्दारंभीचा कोरियन ‘ब’ आपल्या कानाला ‘प’कडे झुकलेला वाटतो. म्हणूनच २००० पूर्वीच्या इंग्रजी ग्रंथांतील ‘पुल्गुक्सा’ आणि नंतरच्या ग्रंथांतील ‘बुल्गुक्सा’ हे ग्याँगजूचे एकच बुद्धमंदिर होय.