हार्डवेअरविषयक माहिती-आज्ञा

संगणकातील संस्करक, स्मृती, तबकडी इ. घटकांचा तपशील पडद्यावर अक्षरांत दाखविणाऱ्या आज्ञा. लिनक्स प्रणालीतील ‘एलएससीपीयू’, ‘एलएसपीसीआय’ व ‘डीएमआयडीकोड’ या विशेष प्रचारात आहेत. लिनक्सच्या आज्ञांचे मराठी पाठ मुंबई उपनगरातील पवई येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या (स्था. १९५८) ‘स्पोकन ट्यूटोरिअल’ प्रकल्पाने उपलब्ध केले आहेत. आज्ञेचे उत्तर कितीही ठाम दिसले, तरी त्याची विश्वसनीयता ते कोठून आले यावर अवलंबून असते.

‘एलएससीपीयू’ची माहिती मुख्यतः संस्करकच पुरवितो, म्हणून ती सहसा बिनचूक असते. ‘एलएसपीसीआय’ घटकातून निर्मात्याचा व उपकरणाचा क्रमांक वाचते, नाव मात्र संगणकातील यादीतून घेते. यादी जुनी असल्यास नवे उपकरण अनोळखी ठरते, सदोष नव्हे. ‘डीएमआयडीकोड’चा प्रकार निराळा. ती घटक तपासीतच नाही. यंत्राच्या अंगभूत आज्ञावलीने मांडलेला तक्ता केवळ वाचून दाखविते. हा तक्ता पुष्कळदा अपुरा वा चुकीचा असतो, असे तिच्या माहितीपुस्तिकेतच नमूद आहे. अनुक्रमांकाच्या जागी ‘निर्मात्याने भरावे’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर तसाच राहिलेलाही आढळतो. वापरलेला संगणक विकत घेताना एवढ्यावर विसंबणे धोक्याचे होय.

५०० गिगाबाइटांची तबकडी सु. ४६५ दिसणे ही मात्र फसवणूक नव्हे. निर्माते १,००० च्या पटीत मोजतात, तर काही आज्ञा १,०२४ च्या. बनावट पेन ड्राइव्हमध्ये खुद्द नियंत्रक मंडलच खोटी धारकता सांगते. तो पूर्ण भरून मजकूर परत वाचून पाहिल्यास हे उघडकीस येते.