कळव्याचा सेक्शन

बी.आर्क.च्या पाच वर्षांत इमारत काढायला शिकवतात. एम.आर्क.ला, निदान अर्बन डिझाइनच्या शाखेत, सुरुवातीला इमारत काढूच देत नाहीत. शहराचा एक तुकडा घ्या आणि तिथे जे आहे ते कागदावर आणा, एवढंच काम. मी कळवा घेतला. राहते तिथेच, आणि कॉलेज मुंबईत असल्यामुळे लोकलमध्ये जाणारा वेळ वजा केला तर सर्व्हेसाठी आणखी लांब जाणं जमणारं नव्हतं.

घरच्यांना ही पदवी पटवून देणं अवघडच होतं. १९७२च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे बी.आर्क.वर परिषदेची नोंदणी मिळते, नकाशावर सही करता येते. मग वर आणखी दोन वर्षं, चार सत्रं कशाला? वर्गातल्या काहींना पुढे शिकवायचं आहे, त्यासाठी ही पदवी लागते. बाकीचे माझ्यासारखे, ऑफिसात टॉवरच्या मजल्यात फ्लॅट बसवून कंटाळलेले. डोंबिवलीच्या एका प्लॉटवर चटईक्षेत्र शेवटच्या फुटापर्यंत वापरण्यात मी तरबेज झाले होते. त्या प्लॉटसमोरच्या रस्त्यावर पाणी कुठून येतं, याची चौकशी कधी कुणी केली नव्हती.

पहिलं काम बेस मॅप. ठाणे महापालिकेचा विकास आराखडा, भूमापनाचे जुने नकाशे आणि उपग्रहाचं चित्र एकावर एक ठेवायचं आणि ऑटोकॅडमध्ये एकेक घर ट्रेस करायचं. तिघांचं आपसात पटत नाही. आराखड्यात मोकळी दिसणारी जागा चित्रात पत्रे आणि निळ्या ताडपत्र्यांनी भरलेली असते. रुळांच्या पश्चिमेला काम भराभर होतं, सोसायट्या म्हणजे सरळ चौकोन. पूर्वेला पारसिक डोंगराच्या उतारावर, भास्करनगर-घोलाईनगरच्या बाजूला माउस अडतो. एकाच्या पत्र्याची कड दुसऱ्याच्या गच्चीवर टेकलेली. घर कुठे संपलं आणि जिना कुठे सुरू झाला, ते वरून कळत नाही.

मग बांधलेलं सगळं काळं आणि मोकळं सगळं पांढरं, असा नकाशा करायचा. माझ्या शीटवर डोंगराचा उतार एकसंध काळा आला. सरांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "इथली माणसं घरी कुठून जातात?"

या शाखेत प्रत्येकाला जाम्बात्तिस्ता नोल्लीचा रोमचा नकाशा बघावा लागतो. १७४८चा. त्यानं चर्चच्या आतली जागाही रस्त्यासारखी पांढरी सोडली, कारण लोक तिथे बेधडक ये-जा करत. तीच रीत कळव्याला लावायची म्हटल्यावर देवळाचे सभामंडप पांढरे झाले, स्टेशनचा पादचारी पूलही झाला. घोटाळा झाला कारशेडपाशी. कल्याणहून येणारी धीमी लोकल सकाळी कळव्याला पोहोचते तोवर दारात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून बरेच कळवेकर कारशेडमधून ठाण्याकडे निघणाऱ्या रिकाम्या गाडीत आधीच चढून बसतात. कायद्यानं ती रेल्वेची बंद हद्द, सकाळपुरता मात्र तो कळव्याचा खरा फलाट. काळा रंग द्यायचा की पांढरा? मी करडा दिला. ज्युरीत त्यावरून बराच वाद झाला आणि मला तो आवडला.

प्लॅनमध्ये मात्र कळवा काही केल्या सापडत नव्हता. इथे जे घडतं ते उभ्यानं घडतं. वर डोंगर, खाली रूळ, पुढे बाजार, शेवटी खाडी. पाऊस याच क्रमानं उतरतो आणि विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली दर पावसाळ्यात साचतो. म्हणून डोंगरापासून खाडीपर्यंत एक सलग सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढायचं ठरवलं, साधारण दीड किलोमीटरचा.

सेक्शनला उंच-सखलाची मापं लागतात आणि त्यासाठी टेप घेऊन चढावं लागतं. टेप दिसली की दारं उघडतात. "टीएमसीतून, म्हणजे महापालिकेतून, आलात का, मॅडम?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "क्लस्टर पुनर्विकासाचा सर्व्हे आहे का?" कॉलेजचं काम आहे म्हटलं तर विश्वास बसत नाही, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? मापं घेऊन गेलेल्यांच्या मागोमाग पात्र-अपात्र याद्या आलेल्या त्यांनी पाहिल्या आहेत. मी ओळखपत्र दाखवायचे, पण त्याहून उपयोगी पडायचं वही पुढे करून त्यांचंच घर त्यांना दाखवणं.

माझ्याकडे लेझर मीटर होतं. वळणाच्या जिन्यावर ते निरुपयोगी. बिंदू समोरच्या दोरीवरच्या साडीवर पडतो. एका गवंडीकाकांनी हे थोडा वेळ पाहिलं आणि घरातून पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली. एक टोक त्यांच्या हातात खालच्या ओट्यावर, दुसरं माझ्या हातात वरच्या वळणावर. दोन्हीकडचं पाणी स्थिरावलं की भिंतीवर पेन्सिलची खूण करायची आणि तिथून खाली टेप सोडायची. नळीत बुडबुडा राहिला तर सगळं माप खोटं. पाच वर्षांच्या शिक्षणात मी ऑटो लेव्हल हाताळली होती, पण ही नळी पहिल्यांदाच. या उतारावरची बरीचशी घरं तिच्याच भरवशावर उभी आहेत.

पॅट्रिक गेडीस १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र शिकवत होता. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता फाडण्याआधी ती पायाखालून घाला, असं तो सांगायचा. सेमिनारमध्ये त्याच्यावर आम्ही सगळेच छान बोलतो. नळी धरून जिन्यावर उभं राहिल्यावर त्यातला कष्टाचा भाग कळतो.

कागदावर सेक्शन चढू लागला तसा त्यात इतिहासही येऊन बसला. खाडी ओलांडून कल्याणला गेलेला १८५४चा लोहमार्ग. डोंगराच्या पोटातला १९१६चा, सव्वा किलोमीटरहून लांब पारसिक बोगदा, आणि त्याच्या डोक्यावर बांधलेली घरं. १९८२ साली महापालिका झाली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या भरवशावर आलेल्यांना सपाटीवरची जागा परवडली नाही. ते वर चढत गेले. १९ जुलै २०२१ला घोलाईनगरात दरड कोसळून एकाच कुटुंबातली ५ माणसं गेली. सेक्शनमध्ये त्या परिसराची रेघ काढताना हात नुसता यंत्रासारखा चालत नाही.

१:५००च्या प्रमाणात शीट तीन मीटर लांब झाली. दहा फुटांची खोली त्यात सहा मिलिमीटरची, तीन फुटांची गल्ली दोन मिलिमीटरही नाही. ज्युरीला बाहेरून आलेल्या एका आर्किटेक्टनी ती शांतपणे पाहिली आणि विचारलं, "डॉक्युमेंटेशन उत्तम. पण तुमचा प्रस्ताव कुठाय?" त्यांना टॉवर अपेक्षित असावेत. माझा प्रस्ताव एका जिन्याचा होता. बाजूनं खोल गटार, वळणावर संरक्षक भिंत, मध्ये थांबायला रुंद ओटा, डोक्यावर हंडा असलेल्या बाईला दम खाता येईल एवढा. हे तोकडं आहे हे मान्य. धोक्याच्या उतारावरची काही घरं हलवावी लागणार, आणि तीही कळव्यातच, लोकांच्या रोजीजवळ. पण प्लॅनमध्ये ही वस्ती उचलून बाजूला ठेवता येणारा काळा ठिपका वाटते. कुणाचं सांडपाणी कुणाच्या उंबऱ्यावर येतं आणि कुणाची भिंत कुणाची माती धरून आहे, ते फक्त सेक्शनमध्ये दिसतं. माझ्या मते, डोंगरावरच्या कुठल्याही योजनेला सेक्शन जोडल्याशिवाय मंजुरीच देऊ नये.

ज्युरीतल्या त्या आर्किटेक्टनी शेवटी सांगितलं, हाच जिना १:५०वर काढा, एकेका पायरीसकट. तो काढला आणि प्रिंट घेऊन वर गेले. आधी दाखवलेला प्लॅन गवंडीकाकांनी उलटसुलट फिरवून परत दिला होता. सेक्शन मात्र हातात घेताक्षणी त्यांनी वाचला. "गटार इथून नेणार? मग गिरणीवाल्याच्या दारातून जाईल." गिरणीवाल्याला बोलावणं गेलं. त्याची गटाराला हरकत नव्हती, पण वर फरशी जाड हवी, कारण रात्री तो तिथे बाइक लावतो. शेजारीण म्हणाली, बाइक लावली तर हंडा घेऊन जायचं कुठून? फरशी किती जाड, यावरून दोघांचं अजून ठरायचं आहे, आणि माझी शीट त्याशिवाय पुढे जात नाही.