शिकण्याच्या दिवसांची मजुरी

पुणे-नाशिक महामार्गावर खेड तालुक्यात वसलेले चाकण आज मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. बजाज ऑटोचा येथील कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे प्रकल्प २००९ मध्ये कार्यान्वित झाले आणि त्यांच्या मागोमाग सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांनी महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या गावांच्या शिवारांत जागा घेतल्या. यातील प्रत्येक कारखाना उत्पादन सुरू होण्यापूर्वी गवंडी, सेंट्रिंगवाले, सळई बांधणारे, वेल्डर आणि वायरमन यांच्या हातांखालून गेला आहे. कामगारांसाठी स्थानिक जमीनमालकांनी बांधलेल्या भाड्याच्या खोल्या असोत, की मोशी-चिखलीच्या गृहसंकुलांतील फरशी, फॉल्स सीलिंग आणि मॉड्युलर किचन असो, ही कामेही याच वर्गाने केली. मोटार बनवणारा कामगार घडवण्याची व्यवस्था या पट्ट्यात गेली अनेक दशके उभी आहे. इमारत बांधणारा आणि सजवणारा कारागीर मात्र आजही बहुधा ज्याच्या त्याच्या नशिबाने घडतो. 'या धंद्यात नवी मुले येत नाहीत' ही बांधकाम आणि इंटिरिअर क्षेत्रांतील सार्वत्रिक तक्रार या फरकाच्या संदर्भात तपासली, तर मुलांच्या अनिच्छेपेक्षा वेगळेच कारण पुढे येते.

कारखान्यातील शिकाऊ

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर या परिसराच्या औद्योगिक वाढीला वेग आला. या वाढीला कुशल मनुष्यबळ पुरवणारे दोन आधार त्याच सुमारास तयार होत होते. १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजेच आयटीआय, उभ्या राहिल्या, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यात काम करत शिकणाऱ्या तरुणाला कायदेशीर स्थान दिले. या कायद्याखालील सध्याच्या नियमांनुसार तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला आपल्या एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ घ्यावे लागतात, त्यांच्याशी करार करावा लागतो आणि त्यांना ठरावीक विद्यावेतन, म्हणजे शिकण्याच्या काळातील मासिक मोबदला, द्यावे लागते. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत या विद्यावेतनाचा पंचवीस टक्के भाग, दरमहा कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकारने उचलण्याची तरतूद झाली. मर्सिडीज-बेंझने पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनाबरोबर मोटार-मेकॅट्रॉनिक्सचा पदविका अभ्यासक्रम चालवला, तर फोक्सवॅगनने चाकणमध्ये जर्मन धर्तीचे प्रशिक्षण आणले, ज्यात आठवड्याचा काही भाग वर्गात आणि काही भाग यंत्रावर जातो.

या व्यवस्थेतील तरुण पहिल्या दिवसापासून 'शिकाऊ' म्हणून ओळखला जातो. तो किती काळ शिकणार, त्या काळात त्याला काय मिळणार, परीक्षा कोण घेणार आणि त्यानंतर तो कोणत्या पदाला पात्र ठरणार, हे त्याच्या घरच्यांना सांगता येते. पुढे कायम नोकरी मिळेलच असे नसते, कंत्राटी कामाचा धोका कारखान्यातही आहे. तरीही पुढची वाट डोळ्यांसमोर असते.

बांधकामावरील उतरंड

बांधकामाची रचना याच्या नेमकी उलट आहे. विकासक मुख्य कंत्राटदाराला काम देतो, तो ते निरनिराळ्या ठेकेदारांत वाटतो, ठेकेदार मुकादमाला, म्हणजे मजूर जमवणाऱ्या आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या म्होरक्याला, गाठतो आणि मुकादम आपल्या किंवा ओळखीच्या गावातून टोळी आणतो, पुष्कळदा आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, देऊन. विटकाम ब्रासवर, गिलावा आणि रंगकाम चौरस फुटावर मोजले जाते. अशा मोजणीत हात न बसलेला मुलगा टोळीचा वेग कमी करतो आणि त्याने बिघडवलेले काम पुन्हा करण्याची मजुरी कोणीही देत नाही. साहजिकच त्याला शिकवणे हे मिस्त्रीच्या दृष्टीने खिशातून केलेले दान ठरते. शिकून तयार झालेला कारागीर दुसऱ्याच दिवशी चार पैसे जास्त देणाऱ्या ठेकेदाराकडे जाऊ शकतो, त्यामुळे ठेकेदारालाही त्याच्यावर खर्च करावासा वाटत नाही. शिकाऊ कायदा येथे फारसा पोहोचत नाही, कारण टोळ्या लहान असतात, चार ते एकोणतीस कामगारांच्या आस्थापनेला शिकाऊ घेणे ऐच्छिक आहे आणि चारपेक्षा लहान आस्थापना त्या चौकटीबाहेरच राहते.

पूर्वी हा खर्च घर आणि जात उचलत असे. सुतार, गवंडी, बेलदार आणि वडार समाजांत मुलगा बापाच्या किंवा मामाच्या हाताखाली विनामोबदला वर्षे काढी आणि त्या बदल्यात त्याला हत्यारे, गिऱ्हाईक आणि कसब एकत्रच मिळे. शिक्षणाचा प्रसार आणि परंपरागत व्यवसायांबाहेर खुले झालेले मार्ग यांमुळे ही साखळी सैल झाली, आणि जातीने लादलेला धंदा सोडण्याची मोकळीक मिळणे हे इष्टच होते. मात्र तिच्या जागी दुसरी व्यवस्था आली नाही. आता पुणे परिसरातील बांधकामे मराठवाडा, उत्तर कर्नाटक, तेलंगणा, बिहार, उत्तर प्रदेश आणि बंगाल येथून येणाऱ्या मजुरांवर चालतात, आणि हे अवलंबित्व किती नाजूक आहे ते २०२० च्या टाळेबंदीत, १ मेपासून श्रमिक रेल्वेगाड्या सुटू लागल्यावर रिकाम्या पडलेल्या साइटांनी दाखवले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाइट फ्रँक आणि आरआयसीएस यांच्या अहवालाने देशातील बांधकाम कामगारांची संख्या सुमारे ७ कोटी १० लाख सांगितली आणि त्यांतील ८१ टक्के अकुशल असल्याचे नोंदवले. या अकुशलांत बायकांची स्थिती आणखी बिकट आहे. घमेले उचलणारी बिगारी म्हणून त्या साइटवर सर्वत्र दिसतात, पण थापी त्यांच्या हाती क्वचितच दिली जाते. बिगारी ते गवंडी ही शिडी त्यांच्यासाठी पहिल्याच पायरीवर संपते.

हातात काय यावे लागते

या कामांना 'अंगमेहनतीची' म्हणून बाजूला सारले जाते, परंतु साध्या गिलाव्याचे उदाहरणही त्यातील कसब दाखवण्यास पुरेसे आहे. विटांची भिंत आधी भिजवावी लागते, कारण कोरडी वीट मसाल्यातील पाणी शोषून घेते आणि सिमेंट घट्ट होण्यास लागणारे पाणी उरत नाही. त्यानंतर भिंतीच्या वरच्या व खालच्या अंगाला मसाल्याचे ठिपके देऊन ते ओळंब्याने, म्हणजे दोरीला टांगलेल्या वजनाने, एका उभ्या रेषेत आणले जातात. आतील भिंतीवर साधारण १२ ते १५ मिलिमीटर जाडीचा थर कोठे किती येणार, हे या ठिपक्यांवरून ठरते. मसाला थापीने भिंतीवर मारून पाट्याने ओढला जातो, रंध्याने घोटला जातो आणि कोपरा गुण्याने, म्हणजे काटकोन पाहण्याच्या साधनाने, तपासला जातो. हे सर्व मसाला घट्ट होऊ लागण्यापूर्वी उरकावे लागते, म्हणून एका वेळी किती मसाला कालवायचा याचा अंदाज हाही कसबाचाच भाग असतो. मनगटाच्या कोणत्या झटक्याने मसाला भिंतीला धरतो आणि कोणत्या झटक्याने तो खाली पडतो, हे पुस्तकातून कळत नाही. त्यासाठी जाणत्याच्या शेजारी उभे राहून भिंती खराब करण्याची मुभा लागते.

इंटिरिअरच्या कामात हीच गोष्ट दुसऱ्या रूपात दिसते. सुतार जागेवरच प्लायवुड कापून, लॅमिनेट चिकटवून कपाट उभे करी, त्या पद्धतीबरोबरच आता संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रावर कापलेल्या आणि कडांना पट्टी लावलेल्या फळ्या कारखान्यातून येतात व साइटवर केवळ जोडल्या जातात. अशा कामात रंधा मारण्यापेक्षा आराखडा वाचणे, लेझर लेव्हलने रेषा काढणे आणि मोजमाप बिनचूक घेणे यांना महत्त्व येते. गवंड्याने भिंत काही मिलिमीटरने तिरकी ठेवली असेल, तर ती चूक कपाट बसवताना फटीच्या रूपाने उघडी पडते आणि ती झाकण्याचा खर्च दुसऱ्याच ठेकेदाराच्या माथी येतो. प्रशिक्षण कोणाचीच जबाबदारी नसल्याची किंमत अशा रीतीने संपूर्ण इमारत चुकवते, पण ती कोणाच्याही खतावणीत स्वतंत्रपणे लिहिली जात नाही.

चालू प्रयत्न आणि त्यांची मर्यादा

प्रयत्न झाले नाहीत असे मुळीच नाही. आयटीआयमध्ये गवंडीकाम, सुतारकाम आणि प्लंबिंग यांचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत, आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेची मोरवाडी येथे स्वतःची आयटीआय आहे. तथापि विद्यार्थ्यांचा ओढा फिटर आणि इलेक्ट्रिशियन यांकडेच राहतो, कारण त्या प्रमाणपत्रांना कारखान्याच्या दारात किंमत आहे. लार्सन अँड टुब्रोने १९९५ पासून बांधकाम-कौशल्याच्या स्वतंत्र संस्था उभारल्या, आणि किवळे येथील सिम्बायोसिसच्या कौशल्य विद्यापीठाने बांधकामाला उच्च शिक्षणात स्थान दिले. पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या क्रेडाई पुणे मेट्रो या संघटनेने राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाच्या सहकार्याने चालवलेल्या 'कुशल' उपक्रमाचा विचार विशेष मोलाचा होता, कारण त्यात प्रशिक्षण साइटवर, कामगार जेथे असतो तेथेच, नेले गेले.

याखेरीज पूर्वकौशल्याची मान्यता देण्याची पद्धत आहे, ज्यात अनुभवातून शिकलेल्या कारागिराची अल्पकाळ उजळणी व चाचणी घेऊन त्याला प्रमाणपत्र दिले जाते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतार आणि गवंडी यांचा समावेश असून प्रशिक्षणाच्या दिवसांसाठी रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपये देण्याची तरतूद आहे. या दोन्ही योजना उपयुक्त आहेत, पण त्यांचा रोख मुख्यतः आधीच धंद्यात असलेल्या माणसाकडे आहे. अठरा वर्षांच्या, हाती काहीच नसलेल्या मुलाला त्यांतून प्रवेशद्वार मिळत नाही. शिवाय प्रमाणपत्रधारक आणि बिनप्रमाणपत्रधारक गवंड्याला ठेकेदार एकच हजेरी देत असेल, तर कागदाचे मोल घरच्या भिंतीपुरतेच उरते.

दर स्पष्ट असला आणि कसबाची चाचणी खरी असली, तर माणसे येतात, याचा दाखला पुण्यातच मिळाला. भारत-इस्रायल करारानुसार सप्टेंबर २०२४ मध्ये औंधच्या शासकीय आयटीआयमध्ये बांधकाम कामगारांची निवड चाचणी भरली होती. सेंट्रिंग, सळई वाकवणे, गिलावा आणि फरशी बसवणे अशी चार कामे त्यासाठी निश्चित केलेली होती आणि निवड झालेल्यांना दरमहा सुमारे १ लाख ९२ हजार रुपये वेतन जाहीर झाले होते. युद्धाच्या छायेतील देशात जाण्याचा धोका लक्षात घेता या वाटेची शिफारस करावी की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. गिलाव्याच्या कसबाला जागतिक बाजारात भाव आहे आणि ते कसब आपल्याकडे शिकवले जाण्यापेक्षा केवळ शोधले जाते, एवढे मात्र या चाचणीने स्पष्ट केले.

खर्च वाटून घेण्याचा मार्ग

शिकवणाऱ्याचा तोटा आणि पळवणाऱ्याचा फायदा या पेचावर काही देशांनी शोधलेला उपाय असा, की प्रशिक्षणाचा खर्च एकट्याने न करता संपूर्ण उद्योगाने वाटून घ्यावा. ब्रिटनमध्ये १९६४ च्या औद्योगिक प्रशिक्षण कायद्यानंतर बांधकाम कंपन्यांवर प्रशिक्षण-आकारणी बसली. जर्मनीत बांधकाम कंपन्या एका सामायिक निधीत पैसे भरतात आणि जी कंपनी शिकाऊ घेते तिला त्या निधीतून परतफेड मिळते. शिकाऊ आपला काळ कंपनी, शाळा आणि अनेक कंपन्यांचे सामायिक प्रशिक्षण केंद्र यांत विभागून घालवतो, दोन वर्षांनी कारागिरीची एक पायरी आणि तिसऱ्या वर्षानंतर पूर्ण गवंडीपद मिळवतो. शिकून झालेला माणूस दुसरीकडे गेला तरी शिकवणारा बुडत नाही, कारण ज्याच्याकडे तो गेला त्यानेही त्या निधीत भर घातलेली असते.

महाराष्ट्रात असा निधी नव्याने निर्माण करण्याची गरज नाही. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगारविषयक कायद्यांनी बांधकामखर्चावर एक टक्का उपकर, म्हणजे विशिष्ट कारणासाठी घेतला जाणारा कर, बसवला, तो कामगार कल्याण मंडळाकडे जमा होतो आणि ही रचना २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम ठेवण्यात आली आहे. देशभरात या निधीचा मोठा हिस्सा खर्चाविना पडून राहतो याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात तीव्र नाराजी व्यक्त केली होती. एक कोटी रुपयांच्या इमारतीमागे एक लाख रुपये उपकर जमा होतो. त्यातील केवळ चौथा हिस्सा शिकाऊंसाठी राखला, तरी रोजी ५०० रुपयांच्या दराने पन्नास दिवसांचे विद्यावेतन त्यातून निघते. कामगारांचा विमा, आरोग्य आणि मुलांचे शिक्षण या मूळ हेतूंना धक्का न लावता हे करावे लागेल, हे उघड आहे.

पैशांबरोबर धंद्याची रीतही थोडी बदलावी लागेल. शिकाऊ एका लहान टोळीच्या नावावर असण्याऐवजी मुख्य कंत्राटदाराच्या किंवा ठेकेदार संघाच्या नावावर असेल, तर एक साइट संपल्यावर त्याचे शिक्षण अर्ध्यावर तुटणार नाही. शिकवणाऱ्या मिस्त्रीला मंदावलेल्या कामाची वेगळी भरपाई मिळाली, तर तो कसब हातचे राखून ठेवणार नाही. मुलींसाठी निवास, स्वच्छतागृह आणि पाळणाघर ही प्रशिक्षणाचीच सामग्री मानली पाहिजे. पुण्यात तारा मोबाइल क्रेशेस ही संस्था बांधकामांवर पाळणाघरे चालवते, ही या दृष्टीने हाताशी असलेली जमेची बाजू आहे. सर्वांत आधी अंमलात येण्याजोगी तरतूद मात्र निविदेतील आहे. महापालिका, औद्योगिक विकास महामंडळ आणि मोठे कारखाने या पट्ट्यात सतत बांधकामे काढत असतात, आणि त्यांच्या निविदांत सिमेंटची प्रत व सळईची जाडी जशी लिहिलेली असते तशीच त्या कामावर घ्यायच्या शिकाऊंची संख्या, त्यांचे विद्यावेतन आणि प्रमाणित कारागिराचा वेगळा दर लिहिला जाऊ शकतो. शिकण्याच्या दिवसांची मजुरी एकदा कामाच्या किमतीतच धरली गेली, की चाकणच्या तरुणासमोर कारखान्याइतकीच समजण्याजोगी दुसरी वाट उभी राहील, आणि ती त्याने घ्यावी की नाही हा निर्णय त्याला माहितीच्या बळावर करता येईल.